थेरपिस्टने आधी स्वतः डोळे मिटावेत

प्रशिक्षणाचा पहिला तास. गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर पंधरा-वीस जण बसलेले असतात. कुणी मानसोपचारतज्ज्ञ, कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कुणी समुपदेशक. आता तक्ते आणि स्लाइड्स सुरू होतील म्हणून वह्या उघडल्या जातात. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली जाते. ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहोत असे समजून ती न्याहाळायची. तिच्या सुरकुत्या पाहायच्या, बोटांनी चाचपायची, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायची आणि मग कुठे सावकाश चावायची. या सगळ्याला दहा-एक मिनिटे लागतात.

त्यानंतर प्रशिक्षक विचारतात, ‘काय जाणवले?’ पहिली उत्तरे बहुधा एकाच वळणाची असतात. ‘चिंतेच्या रुग्णांना याचा चांगला उपयोग होईल.’ ‘मुलांना हे आवडेल.’ प्रशिक्षक हसून थांबवतात, ‘रुग्णांचे नंतर पाहू. तुम्हाला काय जाणवले?’ खोलीत क्षणभर शांतता पसरते. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना स्वतःच्या तोंडातल्या मनुकेची चव सांगायला शब्द शोधावे लागतात. माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, उपचारात आणू पाहणाऱ्या थेरपिस्टचे शिक्षण इथून सुरू होते.

तीन संशोधकांची अडचण

ध्यानाला रुग्णालयाची वाट दाखवली ती जॉन कबाट-झिन यांनी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये त्यांनी जुनाट दुखणी आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. बौद्ध परंपरेतले विपश्यना आणि झेन ध्यान तसेच हठयोगातील काही आसने त्यांनी धार्मिक चौकटीबाहेर, साध्या भाषेत मांडली. ‘माइंडफुलनेसवर आधारित ताणनियमन’ या नावाने हा कार्यक्रम पुढे जगभर गेला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल हे तीन मानसशास्त्रज्ञ एका वेगळ्या प्रश्नाशी झुंजत होते. नैराश्यातून बरा झालेला माणूस पुन्हा नैराश्यात जातो, आणि जितक्या वेळा आजार उलटतो तितकी तो पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते. हे थांबवायचे कसे? त्यांना असे दिसले होते की, बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या मनात साधी उदासी आली तरी जुने विचार भराभर जागे होतात. ‘मी निरुपयोगी आहे’, ‘हे कधीच संपणार नाही’ अशा विचारांचे रवंथ सुरू होते आणि त्यातून माणूस पुन्हा खोल ओढला जातो. विचार बदलण्याऐवजी विचारांशी असलेले नातेच बदलता आले तर? विचार म्हणजे सत्य नव्हे, मनात येऊन जाणारी एक घटना आहे, हे माणसाला अनुभवाने कळले तर? या शोधात ते कबाट-झिन यांच्या वर्गापर्यंत पोहोचले.

तिथले शिक्षक त्यांना एकच गोष्ट सांगत राहिले. शिकवायचे असेल तर आधी स्वतः रोज साधना करा. तिघांना हे सुरुवातीला पटले नाही. एखाद्या आजारावर उपचार करायला डॉक्टरला तो आजार व्हावा लागत नाही, मग ध्यान शिकवायला ध्यानी कशाला व्हायचे? त्यांनी ध्यानातले ‘तंत्र’ तेवढे घेतले, त्याला लक्ष नियंत्रित करण्याचे प्रशिक्षण म्हटले आणि वर्ग सुरू केले. पण वर्गात एखाद्या रुग्णाला तीव्र दुःख उफाळून आले की त्यांच्यातला जुना थेरपिस्ट जागा व्हायचा. समस्या ओळखा, कारण शोधा, उपाय द्या. कबाट-झिन यांच्या वर्गातले शिक्षक असे करत नव्हते. ते त्या दुःखाला घाईने हटवायला जात नव्हते, आणि रुग्णालाही त्याच्याजवळ थांबायला शिकवत होते. हा फरक पुस्तकातून येणारा नव्हता. तिघे परत गेले, स्वतः साधनेला बसले आणि मग कार्यक्रम नव्याने लिहिला. त्यालाच आज ‘माइंडफुलनेसवर आधारित बोधात्मक उपचार’, अर्थात एमबीसीटी म्हणतात.

या उपचाराची पहिली मोठी चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नैराश्यातून बरे झालेले १४५ जण होते. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, अशांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के लोकांचा आजार साधारण वर्षभरात उलटला. एमबीसीटी घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. ज्यांना फक्त दोनदा नैराश्य आले होते त्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. २०१६ मध्ये नऊ चाचण्यांतील १,२५८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हाही हा उपचार आजार उलटण्याचा धोका कमी करतो असे आढळले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तो २००४ पासूनच आहे. चमत्कार म्हणावा असा हा परिणाम नाही, पण वारंवार उलटणाऱ्या आजारात तो मोलाचा आहे.

‘मला जमलेच नाही’

थेरपिस्टला या प्रशिक्षणात नेमके काय शिकावे लागते, हे एका नेहमीच्या प्रसंगातून कळते. शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा सराव नुकताच संपला आहे. एक बाई म्हणतात, ‘मला जमलेच नाही. सगळा वेळ मन घरी होते.’

नवखा थेरपिस्ट लगेच धीर देतो, ‘काळजी करू नका, सरावाने जमेल.’ वाक्य प्रेमाचे आहे, पण त्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, मन भटकणे म्हणजे चूक. दोन, आज त्या नापास झाल्या. नैराश्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, स्वतःला सतत दोष देणाऱ्या माणसाच्या हाती आणखी एक अपयश दिले गेले.

मुरलेला शिक्षक वेगळे विचारतो. ‘मन घरी गेले आहे हे तुमच्या केव्हा लक्षात आले?’ बाई आठवून सांगतात, ‘तुम्ही गुडघा म्हणालात तेव्हा.’ ‘लक्षात आले त्या क्षणी काय झाले?’ ‘स्वतःचाच राग आला.’ ‘तो राग शरीरात कुठे जाणवला?’ बाई छातीवर हात ठेवतात. चार-पाच वाक्यांत त्यांना कळते की मन भटकले होते, ते त्यांनीच ओळखले होते, आणि त्यानंतर आलेला राग ही तिसरीच गोष्ट होती. नैराश्याची घसरण सुरू होताना हीच साखळी घरात, स्वयंपाकघरात, लोकलमध्ये घडते. वर्गात ती एकदा उलगडली की बाहेर ओळखू येते.

या संवादाला प्रशिक्षणाच्या भाषेत ‘विचारपूस’ म्हणता येईल, आणि तेच शिकायला सर्वांत अवघड मानले जाते. ब्रिटनमधील बँगर, एक्सिटर आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांच्या अभ्यासकांनी शिक्षकांचे कौशल्य जोखण्यासाठी सहा निकष तयार केले आहेत. वर्गाची आखणी आणि गती, सहभागींशी नाते, सरावाचे मार्गदर्शन, विचारपुशीतून विषय पोहोचवणे आणि गटाला सांभाळणे हे त्यातले पाच. सहावा म्हणजे सजगता शिक्षकाच्या वागण्या-बोलण्यात उतरलेली असणे. घाईघाईत, घड्याळाकडे पाहत ‘आता शांतपणे श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणणारा शिक्षक शब्दांनी एक शिकवतो आणि देहाने दुसरेच.

म्हणूनच ब्रिटनमध्ये मान्य झालेल्या पद्धतीनुसार शिक्षकाने आधी स्वतः सहभागी म्हणून आठ आठवड्यांचा वर्ग करावा लागतो. स्वतःची नियमित साधना लागते. निदान वर्षभराचे प्रशिक्षण, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्ग घेणे आणि दरवर्षी काही दिवस मौनात राहून साधना करणे हेही त्यात येते. रुग्णांसोबत काम करायचे तर मानसिक आरोग्याची मूळ व्यावसायिक पात्रता वेगळी हवीच. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत मिळालेले प्रमाणपत्र ही या वाटेवरची फार तर पहिली पायरी ठरते.

पुरावा काय सांगतो?

थेरपिस्टने स्वतः ध्यान केल्याने रुग्णाला खरेच फरक पडतो का? जर्मनीतील एका रुग्णालयात याची रंजक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचार शिकणारे १८ थेरपिस्ट दोन गटांत विभागले गेले. एका गटाने नऊ आठवडे कामाच्या दिवशी सकाळी झेन ध्यान केले, दुसऱ्याने नाही. त्यांच्याकडे दाखल असलेल्या १२४ रुग्णांना आपला थेरपिस्ट ध्यान करतो की नाही हे माहीत नव्हते. ध्यान करणाऱ्यांच्या रुग्णांत अधिक सुधारणा दिसली.

मात्र हा अभ्यास लहान होता आणि नंतरच्या अभ्यासांतून असे सरळ उत्तर मिळालेले नाही. नेदरलँड्समध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमबीसीटी शिक्षकांना मिळालेले कौशल्यगुण आणि त्यांच्या रुग्णांची प्रगती यांत थेट संबंध आढळला नाही. ते सगळेच प्रशिक्षित शिक्षक होते, त्यामुळे ‘प्रशिक्षण नको’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही. पण ‘जितका मोठा साधक तितका चांगला उपचारक’ हे समीकरणही सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमधील शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीने आणखी एक धडा दिला. प्रशिक्षण घेतलेल्या शालेय शिक्षकांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांना माइंडफुलनेस शिकवला. आठ हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा अधिक फायदा झाला नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. जे बरे झालेल्या प्रौढ रुग्णाला उपयोगी पडते, ते सर्वांना सरसकट वाटता येत नाही.

डोळे मिटणे सर्वांसाठी सुरक्षित नसते

प्रशिक्षणाचा सर्वांत गंभीर भाग हाच. बहुतेकांना श्वासाकडे लक्ष देताना शांत वाटते, काहींना मात्र नेमके उलटे होते. ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झाले, त्याला डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेताच जुना प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहू शकतो. ज्याला पॅनिकचे झटके येतात, त्याला श्वासाकडे पाहताच ‘आता श्वास अडकेल’ अशी धास्ती वाटू शकते. तीव्र मनोविकार सक्रिय असताना दीर्घ मौनसाधना त्रास वाढवू शकते. ध्यानाच्या दुष्परिणामांबद्दलच्या अभ्यासांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा ध्यान करणाऱ्या साधारण आठ टक्के लोकांना काहीतरी त्रास जाणवल्याचे दिसले. त्यात चिंता आणि उदासी अधिक होती.

जाणता थेरपिस्ट म्हणून सुरुवातीलाच रुग्णाचा इतिहास विचारतो. डोळे उघडे ठेवण्याची, श्वासाऐवजी जमिनीवर टेकलेल्या तळपायांकडे किंवा बाहेरून येणाऱ्या आवाजांकडे लक्ष देण्याची मोकळीक देतो. कुठे थांबायचे हे त्याला कळते. हे कळण्यासाठी ध्यानाइतकेच मनोविकारांचेही ज्ञान लागते, आणि दोन्हींपैकी एकावर भागत नाही.

आपल्याकडचा प्रश्न

महाराष्ट्राला ध्यान नवे नाही. सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरीत उभारलेल्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी देशभरातून लोक येतात. पण शिबिर म्हणजे उपचार नव्हे. तिथेही अर्ज करताना मानसिक आजाराची माहिती विचारली जाते, ती याच कारणाने. ‘डिप्रेशन आहे ना, मग शिबिर कर’ असा सल्ला आप्त सहज देऊन जातात. चालू आजारात तो घातक ठरू शकतो.

थेरपिस्टसमोर भाषेचाही पेच असतो. ‘ध्यान’ म्हटले की बहुतेकांसमोर येते ते देवघर, पद्मासन आणि विचारशून्य मन. ‘माझे मन एकाग्र होत नाही, मला ध्यान जमणार नाही’ हे वाक्य त्यातूनच येते. खरे तर उत्तर मराठीतच आहे. आपण ‘ध्यानात आले’ म्हणतो तेव्हा मन रिकामे झाले असे म्हणायचे नसते, काहीतरी लक्षात आले असे म्हणायचे असते. सजगतेचा अर्थ या बोलीतल्या ध्यानाच्या अधिक जवळचा आहे. ‘श्वासावर लक्ष द्या’ हा हुकूम वाटतो, ‘श्वास कसा चाललाय, पाहूया’ हे बोलावणे वाटते. इंग्रजी सूचनांचे शब्दशः भाषांतर वाचून दाखवणाऱ्याला हा फरक कळत नाही. मराठीत स्वतः साधना केलेल्याला तो आपोआप सापडतो.

रुग्ण आणि नातेवाइकांनी म्हणूनच थोडे प्रश्न विचारायला संकोचू नये. तुमची मूळ पात्रता कोणती? ध्यानाचे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतले? तुम्ही स्वतः नियमित करता का? मला त्रास झाला तर काय कराल? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि चालू औषधे ध्यान सुरू केले म्हणून स्वतःहून बंद करू नयेत. तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांसोबतच घ्यायचा. तातडीची मदत हवी असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

त्या पहिल्या तासाची मनुका संपायला दहा मिनिटे लागतात. ती खाताना आपले मन तीनदा मोबाइलकडे आणि दोनदा उद्याच्या अपॉइंटमेंट्सकडे गेले, हे ज्या थेरपिस्टने प्रामाणिकपणे कबूल केले, तो पुढे ‘मला जमलेच नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला घाईने धीर देणार नाही. तो आधी ऐकून घेईल.