अर्धा टक्का म्हणजे किती लिटर?

शेल खडकाला पाण्याच्या दाबाने भेगा पाडून गॅस काढण्याच्या फ्रॅकिंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : 'साडेनव्याण्णव टक्के पाणी आणि वाळू, उरलेलं स्वयंपाकघरातलंच!' ऐकून ऐकून कान किटले. टक्का सांगितला की लिटर कुणी विचारतच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) २०१६च्या अहवालानुसार एका विहिरीला मध्यक हिशेबाने सुमारे ५७ लाख लिटर पाणी लागत होतं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे साडेअठ्ठावीस हजार लिटर. दहा हजारी टँकर जवळजवळ तीन. हे एकाच विहिरीचं झालं.

स्वयंपाकघरातलं म्हणाल, तर गवार त्यात खरोखरच असते. तिच्या बियांच्या डिंकाने पाणी दाट होतं आणि वाळू खडकाच्या भेगांपर्यंत पोचते. राजस्थानची गवार त्यासाठी अमेरिकेला जाते. पण हा डिंक जिवाणूंचंही खाद्य. तो नासू नये, पाइप गंजू नयेत म्हणून ग्लुटाराल्डिहाइडसारखं जंतुनाशक घालतात. दवाखान्यात एंडोस्कोप निर्जंतुक करायचं हे रसायन कुणाच्या ओट्यावर असतं?

'पण ही रसायनं मातीत विघटित होतात ना?' सुटी असताना, काही होतात. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये शेतातल्या मातीवर हेच तपासलं. पृष्ठताण कमी करणारी ग्लायकॉल रसायनं एकटी असताना ४२ ते ७१ दिवसांत पूर्ण विघटित झाली. जंतुनाशक सोबत येताच तो वेग मंदावला, कारण विघटन करणारे जिवाणूच मारले जातात. तेलविहिरीच्या सांडपाण्याइतकं मीठ मिसळल्यावर तर विघटन थांबलंच. पाण्याचं घर्षण कमी करणारं पॉलिअ‍ॅक्रिलामाइड सहा महिन्यांनंतरही पाण्यात तसंच होतं. सांडताना सगळं एकत्रच सांडतं. मग प्रत्येक रसायनाला वेगवेगळं 'पर्यावरणपूरक' ठरवून काय उपयोग?



दुसरीकडे, भेगा थेट पिण्याच्या पाण्यापर्यंत जातात, हेही सरसकट खरं नाही; मध्ये बहुधा शेकडो मीटर खडक असतो. जमिनीवरची सांडलवंड आणि विहिरीच्या अस्तरातली गळती यांची काळजी जास्त करायला हवी.

आणि 'सगळं तपासलेलं असतं' म्हणणाऱ्यांसाठी : ईपीएच्या यादीत फ्रॅकिंगच्या द्रवात वापरलेली १,०८४ रसायनं आहेत. ती दीर्घकाळ पोटात गेली तर किती मात्रा सुरक्षित, याचे आकडे संस्थेला निवडक स्रोतांत फक्त ९८ रसायनांसाठी सापडले. कंपन्यांनी भरलेल्या ७० टक्क्यांहून अधिक विवरणपत्रांत निदान एका घटकाचं नाव व्यापारी गुपित म्हणून झाकलेलं होतं.