फोटोखालची ओळ

गोवंडीलगतच्या तुर्भ्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. अशा यंत्राच्या जुन्या फोटोची ओळख संस्थेच्या दफ्तरावरून पटते. घरगुती फोटोला तो आधार कुठला? १९४८ नंतर कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्यांच्या आल्बममधली नऊवारीतली आजी आळीतल्या कोणत्याही मराठी घरातली वाटावी. पेहरावावरून समाज कळतोच, हा आक्षेप त्यामुळे इथे टिकत नाही. चेहरे आता संगणक जुळवील म्हणावे, तर जुळवायला निदान एक नाव आधी ठाऊक हवे. म्हणून स्कॅनिंगआधी घरातल्या जाणत्यांना विचारून आडनाव पेणकर की रोहेकर, गाव कुठले, साल कोणते, हे फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने (शाई पुढे उमटते) लिहून घ्यावे.