परदेशातील माग आणि घरची विद्या : विणकाम-शिक्षणाचे स्वरूप व चिरनेर परिसर

प्रस्तावना

हस्तकलांविषयीच्या लेखनात तयार वस्तूचे वर्णन विपुल आढळते. परंतु ती वस्तू घडविणारी विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, याचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. विणकाम ही अशा विद्यांपैकी एक प्रमुख विद्या होय. परमुलखात जाऊन जाणत्या विणकरांकडून ती शिकण्याची उदाहरणे विसाव्या शतकात अनेक आढळतात. प्रस्तुत लेखात या शिक्षणाचे स्वरूप, मुंबई व रायगड परिसराशी निगडित काही उदाहरणे आणि चिरनेरसारख्या गावाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ यांचा विचार केला आहे.

विणकाम शिकणे म्हणजे काय?

विणकामाचे मूलतत्त्व अत्यंत साधे आहे. मागावर ताणून धरलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून वरखाली ओवले जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याचे ठरावीक धागे उचलले की मधे वाट तयार होते. त्या वाटेतून धोटा जातो आणि फणीने ठोकून बाणा बसविला जातो. एवढे ज्ञान पाच मिनिटांत सांगता येते. तथापि ते ऐकून कापड विणता येत नाही. नवशिक्याचा बाणा हमखास ओढून बसतो, त्यामुळे कापडाच्या कडा आत खेचल्या जातात आणि पन्हा कमी होत जातो. बाणा किती सैल सोडावा, फणी किती जोराने ठोकावी, याचे माप पुस्तकात लिहिता येत नाही. ते धाग्याच्या जातीनुसार, हवेतील ओलाव्यानुसार आणि विणणाऱ्याच्या हातानुसार बदलते. म्हणूनच कारागीर बोलून कमी आणि करून अधिक शिकवितो. परक्या भाषेच्या प्रदेशातही विणकाम शिकता येते, याचे कारण हेच होय.

मुंबई, अमेरिका आणि पुन्हा मुंबई

या संदर्भात मोनिका कोरिया यांचे उदाहरण उद्बोधक आहे. 1938 साली जन्मलेल्या मोनिका कोरिया यांनी 1962 मध्ये अमेरिकेत मॅरिअ‍ॅन स्ट्रेंगेल यांच्याकडून विणकामाचे धडे घेतले. स्ट्रेंगेल या मूळच्या फिनलंडच्या. 1937 मध्ये त्या अमेरिकेतील क्रॅनब्रुक कला अकादमीत आल्या आणि पुढे तेथील विणकाम विभागाच्या प्रमुख झाल्या. मुंबईच्या वस्त्रकलावंत नेली सेठना (1932–1992) यांनीही क्रॅनब्रुक येथे शिक्षण घेतले होते. नंतरच्या काळात त्यांनी आंध्रातील कलमकारीचा सखोल अभ्यास केला. परदेशी शिक्षणाने त्यांना देशी परंपरेकडेच वळविले, असे म्हणता येईल.

मोनिका कोरिया यांचे शिक्षण अमेरिकेत संपले नाही. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात ते पुढे चालू राहिले. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन हे त्या काळी हातमाग मंडळाच्या कामाशी संबंधित होते. चित्रकार आणि परंपरागत विणकर यांना एका छपराखाली आणणे, हे या केंद्रांचे वैशिष्ट्य होते. रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे (1936–1995) यांनीही 1961 ते 1965 या काळात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम केले. तेथील वास्तव्यात त्यांचा तांत्रिक प्रतिमांशी परिचय झाला आणि त्यांच्या चित्रकलेला निराळे वळण लागले.

मोनिका कोरिया यांनी पुढे मागाच्या रचनेतच बदल केला. फणी ताण्याच्या धाग्यांना समांतर व समान अंतरावर ठेवते. विणकाम चालू असताना ही फणी काढून घेतली तर उभे धागे आपली सरळ रेषा सोडून वळणे घेऊ लागतात. कोरिया यांच्या भित्तिवस्त्रांतील वाहती रेषा या युक्तीतून निर्माण झाली. मात्र हा नियम मोडता येण्यासाठी फणीचे कार्य हाताला आधी पूर्णपणे माहीत असावे लागते. एरवी तेच धागे केवळ विस्कटतील.

ऋणनिर्देशाचा प्रश्न

जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या अ‍ॅनी आल्बर्स (1899–1994) यांनी 1935 पासून मेक्सिकोला अनेकदा प्रवास केला व पुढे दक्षिण अमेरिकेतील प्राचीन वस्त्रांचा अभ्यास केला. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला विणकामावरील आपला ग्रंथ त्यांनी प्राचीन पेरूच्या विणकरांना आपले थोर गुरू म्हणून अर्पण केला. परंतु हे गुरू अनामिक आहेत. शिकणाऱ्याचे नाव संग्रहालयात लागते आणि शिकविणाऱ्याचे नाव उरत नाही, ही विषमता जगभर दिसते. भौगोलिक निर्देशांकासारख्या तरतुदी उत्पादनाच्या नावाला संरक्षण देतात. शिकविण्यात खर्च झालेल्या कारागिराच्या दिवसांचा मोबदला त्यातून मिळत नाही.

चिरनेरच्या संदर्भात

उरण तालुक्यातील, पनवेलनजीकचे चिरनेर हे गाव कापडाच्या विणकामासाठी प्रसिद्ध नाही. तथापि ताण्याबाण्याचे तत्त्व केवळ सुतापुरते मर्यादित नसते. बांबूच्या कामट्यांची टोपली, सूप, कणगी किंवा भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे इरले ही सर्व विणकामाचीच रूपे आहेत. येथे धाग्याच्या ताणाऐवजी कामटीची जाडी व ओलावा यांची जाण महत्त्वाची ठरते. कोवळा बांबू वाळल्यावर आक्रसतो आणि वीण सैल पडते, तर जून व कोरडी कामटी वाकविताना मोडते. त्यामुळे बांबू निवडण्यापासूनच हे शिक्षण सुरू होते, आणि त्यासाठी रानात जावे लागते.

रानावरील हक्काचा प्रश्न चिरनेरला नवा नाही. 25 सप्टेंबर 1930 रोजी येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबाराने आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत नवश्या महादेव कातकरी हेही होते. 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजांत समाविष्ट झाला आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. कच्चा मालच दुर्लभ असेल तर हाताची विद्या टिकत नाही, हे यावरून ध्यानात येते.

दुसरीकडे जग या परिसराच्या दाराशी आले आहे. न्हावा-शेवा येथील बंदर 1989 मध्ये, शिवडीहून येणारा अटल सेतू 2024 मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईचा शिकाऊ परदेशी गेला, तसा परदेशी शिकाऊ येथील कारागिराच्या अंगणात येण्याची शक्यता आता अधिक आहे.

निष्कर्ष

विणकाम शिकणे म्हणजे नक्षी उचलणे नव्हे. हात, माल आणि शिकविणारा माणूस या तिघांशी संबंध जोडणे होय. परदेशातील शिक्षण घरच्या परंपरेशी जोडले गेले तेव्हा ते फळास आले, हे कोरिया व सेठना यांच्या उदाहरणांवरून दिसते. याच न्यायाने, उद्या चिरनेर परिसरात शिकावयास येणाऱ्याने कारागिराला गुरूचे स्थान, शिकविण्याच्या दिवसांचा योग्य मोबदला आणि आपल्या कामात त्याच्या नावाचा उल्लेख देणे आवश्यक आहे. स्थानिक महाविद्यालयांनी परिसरातील कारागीर, त्यांची अवजारे व त्यांचे शब्द यांची नोंद कारागिरांच्या नावानिशी केल्यास या कामाचा पाया घातला जाईल. ज्या विद्येच्या जाणत्यांची नावेच नोंदलेली नाहीत, तिचे ऋण मान्य करणे पुढील पिढीला अवघड जाईल.