रोपवाटिकाधारकांचा मेळावा आणि धानपट्ट्यातील बागाईतदार

कारधा हे गाव वैनगंगेच्या काठी, भंडारा शहराच्या समोरील तीरावर, नागपूर–रायपूर महामार्गालगत वसले आहे. येथील मुख्य पीक धान. पऱ्हे टाकण्याच्या कामात या भागातील शेतकऱ्याचा हात धरणारा विरळाच. बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, साधारण तीन आठवड्यांचे पऱ्हे बांधीत लावावे, ही गोष्ट त्यास नव्याने सांगावी लागत नाही. परंतु पऱ्हे कमजोर निघाले तर नुकसान एका हंगामाचे असते. संत्र्याचे कलम सदोष निघाले, तर ते पाचव्या-सहाव्या वर्षी, बहर धरण्याच्या सुमारास ध्यानी येते. तोपर्यंत जमीन अडकलेली असते आणि खत, पाणी व मजुरी यांचा पैसा खर्च होऊन गेलेला असतो. कलम विकणारा त्या वेळी कोठे असतो, हे निराळे सांगावयास नको.

सन 1990 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि कलमा-रोपांची मागणी एकाएकी वाढली. मागणीबरोबर रोपवाटिकाही वाढल्या. मालाचा गुण मात्र सर्वत्र सारखा राहिला नाही. म्हणूनच या व्यवसायातील लोकांनी एकत्र बसून आपल्या कामाची पारख करण्याची आवश्यकता आहे. लिंबूवर्गीय फळांविषयी नागपूर येथे 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय परिसंवाद व ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई परिषद भरली. शास्त्रज्ञांच्या अशा परिषदांचे मोल मोठे आहे. तथापि गावचा रोपवाटिकाधारक तेथे क्वचितच पोहोचतो. त्याच्यासाठी मेळावा तालुक्याच्या पातळीवर आणि शक्यतो एखाद्या रोपवाटिकेतच भरवावा. मांडवातील भाषणापेक्षा वाफ्याच्या कडेला झालेली चर्चा अधिक उपयोगी पडते.

अशा मेळाव्यात पहिला विषय खुंटाचा असावा. संत्र्यासाठी विदर्भात जंबेरी व रंगपूर लिंबू यांचे खुंट वापरतात. यांच्या एकाच बियांतून बहुधा एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांपैकी बहुतेक मातृवृक्षासारखी, एकसारखी व जोमदार असतात. पण काही संकराने झालेली, निराळ्या ठेवणीची निघतात. अतिशय खुजी, वेडीवाकडी अथवा पानांनी वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकणे हाच त्यावरील उपाय होय. येथे लोभ आडवा येतो. शंभरातील वीस रोपे फेकण्याचे धैर्य ज्यास नाही, त्याने कलमांचा धंदा करू नये.

दुसरा विषय डोळ्याचा. ट्रिस्टेझा व ग्रीनिंग हे रोग डोळकाडीबरोबर एका झाडावरून हजारो कलमांत जातात. डोळकाडी देणारे झाड भरपूर फळे देते एवढे पाहणे पुरेसे नाही. ते रोगमुक्त असल्याची खातरजमा झालेली असावी. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने शेंडा-कलमाच्या पद्धतीने रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याचे काम केले आहे. 9 ऑगस्ट 2024 रोजी केंद्र सरकारने 1,765.67 कोटी रुपयांचा स्वच्छ रोपे कार्यक्रम मंजूर केला. त्यातील नऊ केंद्रांपैकी संत्र्याचे केंद्र नागपूरकरिता योजिले आहे.

तिसरा विषय मातीचा, आणि कारध्यासारख्या नदीकाठच्या गावी तोच सर्वांत महत्त्वाचा. मूळकूज व डिंक्या यांस कारण होणारी फायटोप्थोरा बुरशी पाण्यातून पसरते. तिचे बीजाणू ओल्या मातीत अक्षरशः पोहत जातात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर येथील लोक विसरलेले नाहीत. पाणी तुंबणाऱ्या भारी जमिनीत रोगट पिशवीतील कलम लावणे म्हणजे घरात आग लावून वारा घालणे होय. पिशवीत भरावयाची माती उन्हाळ्यात ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली सुमारे सहा आठवडे तापवावी. डोळा जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून उंच भरावा आणि लावताना तो जोड मातीत गाडला जाऊ देऊ नये. बांधीत कलम लावावयाचेच असेल, तर आधी पाण्याचा निचरा करून गादीवाफा उंच घ्यावा.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे. परवाना घेणे, खुंट व डोळा कोठून आणला याची नोंद ठेवणे, या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या आहेत. रस्त्याकडेच्या वाहनातून कलमे घेणारा शेतकरी ही नोंद मागत नाही, म्हणून विकणाराही ती ठेवत नाही. मेळाव्यास शेतकऱ्यांनाही बोलवावे ते याचसाठी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तेथे दोन-चार पिशव्या सर्वांसमक्ष फाडून मुळे दाखवावीत. तंतुमुळे पांढरट व भरपूर असतील तर कलम निरोगी समजावे. साल सुटून काळपट पडलेली मुळे दिसली की ती सर्व खेप नाकारावी.

पावसाळ्यात लागवड करावयाची असेल, तर कलमांची मागणी परवानाधारक रोपवाटिकेकडे उन्हाळ्यापूर्वीच नोंदवावी आणि पावती जपून ठेवावी. पावतीवर खुंटाचे नाव लिहून घ्यावे.