एक नाव, अनेक वाण : आपल्या पोटातील परोपजीवी

पोट बिघडले, आव पडू लागली, की डॉक्टर मलाची तपासणी करून आणायला सांगतात. प्रयोगशाळेतून कागद येतो. त्यावर एक ओळ असते, 'अमीबाच्या पुटी आढळल्या'. ती वाचून घरातली मंडळी म्हणतात, "चला, कारण तरी कळलं!" पण खरंच कळलं का? सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणाऱ्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, यात शंका नाही. तथापि जे दिसते ते एकच असते का, हा प्रश्न उरतोच. बाजारातल्या एकाच टोपलीतल्या दोन काकड्या घ्या. रंग तोच, आकार तोच. कडू कोणती, हे वरून सांगता येईल का? परोपजीवींचेही तसेच आहे. एका नावाखाली निरनिराळे वाण दडलेले असतात, आणि कोणता वाण आपल्या वाट्याला आला आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आधी अमीबाचीच हकीकत पाहू. सेंट पीटर्सबर्ग येथील डॉक्टर लॉश यांनी १८७५ मध्ये एका अतिसाराच्या रोग्याच्या मलात हा एकपेशीय जीव पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९०३ मध्ये शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला 'हिस्टोलिटिका' म्हणजे 'ऊती विरघळवणारा' असे नाव दिले. नाव सार्थ होते. हा अमीबा आतड्याच्या अस्तराला व्रण पाडतो, आणि कधी कधी रक्तावाटे यकृतात जाऊन तेथे गळू करतो. पण एक कोडे मात्र सुटेना. मलात पुटी सापडणारी बहुसंख्य माणसे अगदी ठणठणीत असत. त्यांना ना कळ, ना आव. मग हा ऊती विरघळवणारा राक्षस त्यांच्या पोटात इतका शहाण्यासारखा कसा राहतो?

१९२५ मध्ये पॅरिसचे एमिल ब्रुम्प्ट यांनी उत्तर सुचवले. हा जीव एक नाही, दोन आहेत. एक रोग करणारा, दुसरा निरुपद्रवी, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्याला त्यांनी 'डिस्पार' असे नावही दिले. परंतु ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. दोघांच्या पुटी सारख्याच, दोघांच्या पिकलेल्या पुटीत केंद्रके चारच. डोळ्यांना दिसेना तो भेद मानावा कसा? ब्रुम्प्ट यांचे म्हणणे सुमारे पन्नास वर्षे तसेच पडून राहिले.

मग १९७८ मध्ये लंडनमध्ये सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी युक्ती केली. अमीबाच्या आकाराकडे न पाहता त्यांनी त्याच्या शरीरातली विकरे, म्हणजे एन्झाइम, तपासली. ही द्रव्ये स्टार्चच्या थरावर ठेवून त्यातून विजेचा प्रवाह सोडला, की प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने सरकते आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. रोग्यांकडून आलेल्या अमीबांची नक्षी एक, आणि निरोगी वाहकांकडून आलेल्या बहुतेकांची दुसरी! पुढे जनुके तपासली गेली, तेव्हा दोघांतले अंतर अधिकच स्पष्ट झाले. अखेर १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी या दोन स्वतंत्र जाती असल्याचे रीतसर मांडले. ब्रुम्प्ट यांचे म्हणणे अडुसष्ट वर्षांनी खरे ठरले.

तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञांनी नावे बदलली, त्यात आमचे काय गेले? पुष्कळ गेले होते. पूर्वी जगात सुमारे ५० कोटी लोकांच्या पोटात 'हिस्टोलिटिका' आहे असा अंदाज केला जाई. त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ जणांकडे वस्तुतः निरुपद्रवी डिस्पारच होता. आता औषधांकडे पाहा. कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये एमेटिनच्या सुईचा उपचार सुरू केला. त्याने अनेकांचे प्राण वाचले हे खरे, पण ते औषध हृदयाला अपाय करणारे होते. १९६० नंतरच्या दशकात मेट्रोनिडाझोल आले. ते पुष्कळ सौम्य, तरी मळमळ आणि तोंडाची कडवट चव त्याच्याबरोबर येतेच. ज्याच्या पोटात डिस्पार आहे त्याला या औषधांचा उपयोग काहीच नाही, त्रास तेवढा पदरी पडतो. आणि त्याहून मोठा धोका असा, की अमीबा सापडला म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि पोटदुखीचे खरे कारण तपासायचे राहून जाते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्ये सल्ला दिला, की हिस्टोलिटिका असेल तर लक्षणे नसतानाही उपचार करावा, कारण तो पुढे उचल खाऊ शकतो आणि दुसऱ्यालाही लागू शकतो. नुसता डिस्पार असेल तर मात्र उपचाराची गरज नाही. आज प्रतिजन तपासून किंवा डीएनए तपासून हा भेद ओळखता येतो. तेव्हा कागदावर नुसती 'पुटी आढळल्या' अशी ओळ असेल, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा, "हा कोणता अमीबा? आणखी तपासणी करता येईल का?" आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढून आपल्या मनानेच घेऊ नका.

आता जंतांकडे वळू. माणसाच्या आतड्यातला लांबट जंत आणि डुकराच्या आतड्यातला जंत शेजारी शेजारी ठेवले, तर जाणत्या माणसालाही ओळखू येत नाहीत. मग डुकराचा जंत माणसाला होतो का? ग्वातेमालामध्ये, जेथे माणसे आणि डुकरे एकाच अंगणात वावरतात अशा गावांतले जंत टिमथी अँडरसन यांनी १९९० नंतरच्या दशकात तपासले. जनुकांवरून दिसले, की अंगण एक असूनही माणसांच्या जंतांचा वंश वेगळा आणि डुकरांच्या जंतांचा वेगळा होता. उलट डेन्मार्कमध्ये, जेथे माणसामाणसांतला जंतांचा फैलाव जवळजवळ थांबला आहे, तेथे अधूनमधून लोकांत सापडणारे जंत डुकरांकडूनच आलेले निघाले. आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केनियातल्या खेड्यांतील माणसांच्या जंतांत दोन्ही वंशांचा संकर दिसून आला. तात्पर्य, एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लावता येत नाही. पहिल्या ठिकाणी संडास बांधणे हा मुख्य उपाय, तर दुसऱ्या ठिकाणी डुकरांचे खत भाजीच्या वाफ्यात पडणार नाही हे पाहणे महत्त्वाचे.

अंकुशकृमी तर आपल्या अधिक ओळखीचा. अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारा आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा हा कृमी. याच्याही जाती अनेक, पण नेहमीच्या तपासणीत त्यांची अंडी सारखीच दिसतात. नेकेटर जातीच्या एका कृमीपेक्षा अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल हा कृमी रोज कितीतरी पट अधिक रक्त घालवतो. म्हणजे अंड्यांची संख्या सारखी असली, तरी एका बाईच्या अंगातले रक्त दुसरीपेक्षा लवकर आटू शकते. शिवाय अँकिलोस्टोमा सिलॅनिकम ही कुत्र्या-मांजरांतली जातही माणसाच्या आतड्यात वाढते, आणि आशियातल्या अनेक भागांत ती माणसांत सापडली आहे. अशा ठिकाणी नुसत्या माणसांना औषध देऊन भागत नाही. गल्लीतली कुत्रीही हिशेबात धरावी लागतात.

शेवटची गोष्ट औषधाची. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, आणि मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हे औषध कृमीच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि पेशीचा सांगाडाच मोडते. परंतु या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा फरक झाला, तर औषधाला नीट चिकटता येत नाही. मेंढपाळांना हा अनुभव पूर्वीच आला आहे. याच घराण्यातले थायाबेंडाझोल हे औषध १९६१ मध्ये आले, आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणारे मेंढ्यांचे कृमी नोंदले गेले. लोक म्हणतात, "कृमीला औषधाची सवय झाली." तसे नव्हे. फरक असलेले थोडे कृमी मुळातच असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे मागे उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. पेरणीला राखून ठेवलेल्या बियाण्याप्रमाणेच पीक यायचे!

माणसांतल्या चाबूककृमींतही असे फरक केनिया आणि हैती येथे आढळले आहेत. म्हणून मुलांना गोळी देऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. जंतांनी मुलाचे अन्न आणि रक्त खावे, त्यापेक्षा गोळी हजार वाटांनी बरी. अर्थ एवढाच, की गोळी दिल्यावर कृमी खरोखर किती कमी झाले हे अधूनमधून तपासले पाहिजे, आणि साऱ्या भिस्तीचा भार एकाच गोळीवर टाकता कामा नये.

कारण एक उपाय असा आहे, की ज्यापुढे वाण कोणताही असो, त्याची मात्रा चालत नाही. मल उघड्यावर पडला नाही, तर अंडी मातीत पोचत नाहीत. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुतले, पालेभाजी स्वच्छ पाण्यात निवडून धुतली, पाणी उकळून प्यायले, पायात वहाण घातली, तर पुटी काय, अंडी काय, आणि अळी काय, त्यांची वाटच बंद होते. जनुके बदलून औषधाला चुकवता येते; साबणाला आणि उकळत्या पाण्याला चुकवणे तितके सोपे नाही.