मालाची ने-आण आणि चालकाविना गाडी

कारखान्यात प्रथमच आलेल्या माणसाचे लक्ष यंत्रांकडे जाते. लेथ फिरत असतो, दाबयंत्राचे ठोके पडत असतात, आणि उत्पादन म्हणतात ते हेच, असे त्याला वाटते. परंतु एखाद्या धातूच्या तुकड्याचा कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत माग काढला, तर निराळेच चित्र दिसते. यंत्रावर त्याचा फारच थोडा काळ जातो. उरलेला काळ तो कोठेतरी पडून असतो किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला जात असतो. ह्या ने-आणीने वस्तूच्या गुणात काहीच भर पडत नाही. खर्चात मात्र पडते. शिवाय तो भार कोणाच्या तरी पाठीवर किंवा खांद्यावर असतो. एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोग्रॅमपर्यंत खाली आणावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 साली केली होती. धान्याची 50 किलोग्रॅमची पोती दिवसभर वाहणारा हमाल ह्या मर्यादेच्या अगदी काठावर काम करीत असतो.

हे काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. सरकते पट्टे, यारी आणि फोर्कलिफ्ट ही त्यांची परिचित फळे होत. पट्टा स्वस्तात व अखंड माल वाहतो, पण एकदा बसविला की त्याची वाट बदलत नाही. फोर्कलिफ्ट कोठेही जाऊ शकते, पण तिला चालक लागतो. पट्ट्याची शिस्त आणि गाडीचे स्वातंत्र्य एकत्र आणता येईल काय, ह्या प्रश्नातून चालकाविना गाडीचा जन्म झाला.

तारेची वाट

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने 1950 नंतरच्या काही वर्षांतच अशी पहिली गाडी तयार केली. माल ओढणाऱ्या साध्या ट्रॅक्टरवरून चालक उतरविण्यात आला आणि तारेच्या मागाने जाण्याची सोय करण्यात आली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत फरशीत अरुंद खाच कापून तीत तार पुरतात व तिच्यातून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडतात. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. गाडीच्या तळाशी डाव्या-उजव्या बाजूंना दोन वेटोळी असतात. गाडी तारेच्या नेमकी वर असेल, तर दोन्ही वेटोळ्यांत सारखाच विद्युत्दाब निर्माण होतो. ती एका बाजूला सरकली, की त्या दोन दाबांत फरक पडतो आणि तो फरकच सुकाणू वळवून गाडीला पुन्हा वाटेवर आणतो. निरनिराळ्या मार्गांच्या तारांना निरनिराळी वारंवारता दिली, की फाट्यावर कोणत्या वाटेने जायचे हेही गाडीला सांगता येते.

काल्मारचा धडा

ह्या साध्या तत्त्वाचा सर्वांत विचारप्रवर्तक उपयोग स्वीडनमध्ये झाला. 1970 च्या सुमारास तेथील मोटार कारखान्यांत कामगार टिकत नसत आणि गैरहजेरीही फार असे. जुळणीपट्ट्यापाशी उभे राहून तेच ते काम ठराविक गतीने करीत राहण्यास सुशिक्षित तरुण राजी नव्हते. व्होल्व्हो कंपनीचे प्रमुख पेर युलेनहम्मार ह्यांच्या पुढाकाराने काल्मार येथे 1974 साली सुरू झालेल्या कारखान्यातून सरकता पट्टाच काढून टाकण्यात आला. प्रत्येक मोटारीचा सांगाडा फरशीतील मार्गाने चालणाऱ्या एकेका विजेच्या गाडीवर ठेवला जाई. ती गाडी सुमारे पंधरा-वीस कामगारांच्या गटाकडे येई व गटाने आपल्या वाट्याचे काम वाटून घ्यावे अशी योजना असे. सांगाडा कुशीवर कलता करण्याची सोयही होती. त्यामुळे तळाचे काम डोक्यावर हात उंचावून करण्याची गरज उरली नाही.

येथे गाडीने माणसाची जागा घेतली नव्हती; माणसाला पट्ट्याच्या जुलमातून सोडविण्यासाठी ती आणली गेली होती. तरीही गाड्यांची हालचाल मध्यवर्ती संगणकाच्या हाती होती, आणि ज्याच्या हाती हालचाल त्याच्याच हाती कामाची गती, ही गोष्टही तेथे स्पष्ट झाली. विक्री घटल्याच्या काळात, 1994 साली, हा कारखाना बंद झाला. तथापि काल्मारने मांडलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही: गाडी माणसाच्या सोयीने चालावी की माणसाने गाडीच्या?

तारेवाचून मार्ग

फरशीत पुरलेली तार बदलणे कष्टाचे असते. म्हणून पुढे चुंबकीय फीत आली. नंतर भिंतींवर परावर्तक लावून त्यांवरून परतणाऱ्या लेसर किरणांच्या साहाय्याने गाडी आपले स्थान ठरवू लागली. आता तर कित्येक गाड्या भोवतालच्या भिंती व खांब लेसरने न्याहाळून आपल्या जवळच्या नकाशाशी त्यांची तुलना करतात आणि अडथळा आल्यास वळसा घालून जातात.

गोदामांत एक निराळीच रीत प्रचलित झाली. अमेरिकेत 2003 साली स्थापन झालेल्या कीव्हा सिस्टिम्स ह्या कंपनीने जमिनीवर ठराविक अंतराने सांकेतिक चौकटी चिकटविल्या. बुटकी गाडी कॅमेऱ्याने त्या वाचीत मालाच्या मांडणीखाली शिरते, ती संपूर्ण मांडणी उचलते आणि कामगारापुढे आणून ठेवते. पूर्वी माणूस मालाकडे चालत जाई. आता माल माणसाकडे येतो. 2012 साली अॅमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. भारतातही फ्लिपकार्टने 2019 साली बंगळूरजवळील केंद्रात पार्सलांची वर्गवारी करण्यासाठी अशा शंभराहून अधिक गाड्या कामाला लावल्या.

हिशेब आणि जमीन

अशा गाड्या घेताना पहिला प्रश्न त्या किती लागतील हा असतो. समजा, दर तासाला 40 खेपा करावयाच्या आहेत व अंतर एका बाजूने 120 मीटर आहे. सेकंदाला एक मीटर वेगाने जाण्यायेण्यास 240 सेकंद आणि चढउतारास 60 सेकंद, अशी एक खेप पाच मिनिटांची होते. म्हणजे एक गाडी तासाला 12 खेपा करील व चार गाड्या पुरतील, असे कागदावर दिसते. पण विद्युत्घट भरणे, चौकात थांबणे, दुरुस्ती ह्यांत पाचवा हिस्सा वेळ गेला, तर खेपा साडेनऊच्या आसपास येतात आणि पाच गाड्या लागतात. पुढे गाड्या वाढवीत गेल्यास लाभ त्या प्रमाणात वाढत नाही, कारण त्या एकमेकींचीच वाट अडवू लागतात. म्हणून मार्गाचे तुकडे पाडून एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. रेल्वेची ब्लॉक पद्धती ह्याच तत्त्वावर चालते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. खड्डे पडलेली फरशी, सांध्यांतील भेगा, सांडलेले तेल, उतार आणि धूळ ह्यांतून वाट काढणारा हमाल त्यांची दखलही घेत नाही. गाडी मात्र तेथे अडते. पॅलेट मोडका असला किंवा पोते बाहेर लोंबत असले, तर माणूस ते हाताने सावरतो. गाडी अडथळा समजून थांबते. ज्या कारखान्यात दोन-तीन पाळ्या चालतात, मार्ग ठरलेले असतात आणि मालाचे आकारमान एकसारखे असते, तेथे गाडीचा खर्च लवकर भरून निघतो. एकाच पाळीत निरनिराळा माल अनियमितपणे येणाऱ्या वखारीत आधी फरशी, मांडणी व वाटा नीट करणे अधिक फलदायी ठरते. तेवढ्यानेच पुष्कळ ने-आण वाचते, आणि वाचलेली खेप ही सर्वांत स्वस्त खेप होय.

ओझे आणि हक्क

ह्या गाड्यांमुळे सारेच श्रम नाहीसे होतात असे नाही. गोदामात दिवसाकाठी काही किलोमीटर चालणाऱ्या कामगाराची पायपीट संपते. पण मांडण्या एकामागून एक पुढ्यात येऊ लागल्या, की तेच वाकणे, तेच वळणे विश्रांतीविना होत राहते. चालत जाताना मिळणारी उसंत कोणी मोजलेली नसते, म्हणून ती गेल्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडी आणताना कामाची गती व विश्रांतीही ठरविली नाही, तर पाठीवरचे ओझे मनगटावर येते एवढेच.

भारतात ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मालक अनेक, काम रोजचे पण नोकरी कोणाचीच नाही, अशा माणसांना नोंदणी, ठरलेली मजुरी व कल्याणनिधी मंडळांमार्फत मिळावा, हा त्याचा हेतू. हे हक्क ज्या ओझ्याच्या आधारे मिळाले, ते ओझेच गाडीने उचलले, तर हक्कांचा आधार कोणता राहील? गाडी पाहणारा, दुरुस्त करणारा आणि अडलेला माल सोडविणारा माणूस नेहमीच लागेल. ती कामे त्याच कामगारांना शिकवून द्यावयाची की नव्या माणसांना, हे गाडी ठरवीत नाही. तो निर्णय गाडी दाराशी येण्यापूर्वी, माणसांनीच घ्यावयाचा असतो.