कोळशाची तारीख

उन्हाळा लागला की आमच्या कोकणातल्या जिते गावच्या शिवारात राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत रचायचं, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन एका कडेने पेटवायचं. दुसऱ्या दिवशी तिथे काळीभोर भुकटी उरते आणि पहिल्या पावसात ती मातीत मिसळते. हा कोळसा वर्षभराच्या पाल्याचा, फार तर चार-दोन वर्षांच्या फांद्यांचा. त्याच गावात एखादं जुनं घर पाडलं की मोडके सागाचे वासे न्हाणीच्या चुलीत जातात. तोही कोळसा कालचाच, पण ते लाकूड शंभर वर्षांपूर्वी तोडलेलं. समजा, दोन्ही कोळसे एकाच खड्ड्यात पडले आणि तीन हजार वर्षांनी कुणी खणून काढले, तर प्रयोगशाळा त्यांच्या दोन वेगळ्या तारखा देईल, आणि दोन्ही बरोबर असतील.

इनामगावबद्दल वाचताना मला हा खड्डा सारखा आठवतो.

इनामगाव आमच्यापासून लांब, घाटावर, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठी आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मुख्य माणसं. अहवाल १९८८मध्ये छापून आला. शंभरावर घरं उजेडात आली. धान्याच्या कोठ्या, चुली, पाटाचं पाणी वळवल्याच्या खुणा, जव, गहू, मसूर, सगळं मिळालं. लाल अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची, वाजवली तर खणखणीत आवाज देणारी भांडी मिळाली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली ती प्रथम ठळकपणे पुढे आली, म्हणून ती जोर्वे भांडी.

आणि घरांच्या जमिनीखाली पोरं मिळाली.

दोनशेहून अधिक दफनं सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती. राहत्या घरात, सारवलेल्या जमिनीखाली खड्डा घ्यायचा. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि आत बाळ. शेजारी एखादी वाटी, तोटीचं छोटं भांडं. वर माती लोटून पुन्हा सारवून घ्यायचं. म्हणजे ज्या जागेवर आई दळत-कांडत असेल, तिच्याखाली हातभर खोल तिचं मूल. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून उताणं पुरत आणि घोट्याखाली पाय तोडलेले असत. मेलेला माणूस उठून जाऊ नये म्हणून, असा तर्क करतात. तर्कच तो. अपवाद एका पुरुषाचा. वय चाळिशीच्या आसपास, चार पायांच्या, पोट सुटलेल्या कच्च्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पाय शाबूत. त्याला गावचा प्रमुख मानतात. तशाच दुसऱ्या रांजणात माणसाचा सांगाडाच नव्हता. तो कुणासाठी केला होता, हे कोणतंही यंत्र सांगणार नाही.

हे केव्हाचं, हे मात्र यंत्राने सांगितलं. जोर्व्याला खोदकाम सुरू होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९४९ साली, शिकागो विद्यापीठात विलार्ड लिबीने इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतलं लाकूड मोजून आपली पद्धत जमते हे दाखवलं होतं. (१९६०चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं.) तोवर आपल्याकडे या भांड्यांचं वय ठरवायचं ते दुसरीकडच्या भांड्यांशी ताडून. खापराला खापर साक्षीदार. कोर्टात असली साक्ष टिकली नसती.

पद्धतीचं मर्म साधं आहे. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या माऱ्याने हवेतल्या नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होतो. तो फार थोडा, कार्बनच्या लाख कोटी अणूंमागे एखाद-दुसरा. झाड तो हवेतून घेतं, गाय झाडपाल्यातून घेते, आपण दोघांकडून घेतो. जीव गेला की घेणं थांबतं, आणि आहे तो मोडत जातो. ५,७३० वर्षांनी निम्मा. आज वाढलेल्या लाकडाच्या एका ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला साधारण चौदा अणू मोडतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात सत्तर टक्केच कार्बन-१४ उरलेला असतो, म्हणून मिनिटाला नऊ-दहा. हा चार-पाचाचा फरक मोजायचा, तोही बाहेरच्या किरणांचा गोंगाट अडवून. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम साठच्या दशकात सुरू झालं. धर्मपाल अग्रवाल आणि शीला कुसुमगर ही त्यातली ठळक नावं. त्या नमुन्यांच्या क्रमांकाआधी ‘टीएफ’ ही अक्षरं असतात. पुढे प्रयोगशाळा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली आणि क्रमांकाआधी ‘पीआरएल’ आलं. इनामगावचे कोळसे दोन्ही शिक्क्यांचे आहेत.

कार्बनवाल्यांच्या पंचांगात ‘आज’ म्हणजे १९५०. वय तिथून मागे मोजायचं. त्यानंतरच्या अणुस्फोटांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट करून ठेवला, त्यामुळे पन्नास साल धरून ठेवलं ते बरंच झालं.

या तारखा आणि मातीचे थर यांची सांगड घालून इनामगावचे तीन कालखंड ठरले. माळवा संस्कृतीचा इ. स. पू. १६०० ते १४००, आद्य जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. पाठ्यपुस्तकात हे आकडे ताठ उभे असतात. पण त्यांच्या मुळाशी कोळसा आहे, आणि ढोबळ चुका यंत्राबाहेरच्याच होतात.

पहिली अडचण वाशाची. खांबाचा कोळसा घेतला तर तारीख झाड वाढल्याची येते, घर जळल्याची नव्हे. जुन्या झाडाचा गाभा असेल तर आणखी मागची. म्हणून आता शक्य तिथे जळकं धान्य घेतात, कारण जवाचा दाणा एकाच हंगामाचा असतो. पूर्वीच्या पद्धतीत कित्येक ग्रॅम कोळसा लागे. आता त्वरकयंत्रावर अणूच मोजतात, त्यामुळे एक दाणा पुरतो. इनामगाव खोदायला सुरुवात झाली तेव्हा ही सोय नव्हती.

दुसरी अडचण खड्ड्याची, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. बाळासाठी घरात खड्डा खणला की तो खालच्या जुन्या थरात शिरतो. मडक्याभोवतीची माती आणि तिच्यातले कोळसे आधीच्या पिढ्यांचे असू शकतात. मडक्याशेजारचा कोळसा उचलून मोजला तर बाळ दोनशे वर्षांनी म्हातारं होईल. तारीख त्या कोळशाची आहे, बाळाची नव्हे. कोळसा आणि बाळ यांची गाठ घालणारी गोष्ट एकच : खड्ड्याचं तोंड कोणत्या जमिनीतून सुरू झालं, हे खणणाऱ्याने पाहिलं का आणि वहीत लिहिलं का. प्रयोगशाळेचं नाव गाजतं, पण निकाल त्या वहीवर लागतो. हाडांवरूनच वय का काढत नाहीत, असं कुणी विचारील. हाडातला जो भाग मोजायचा तो म्हणजे कोलॅजन, आणि आपल्या उष्ण हवेत तो फारसा टिकत नाही.

यावर बरंच काही अवलंबून आहे. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांचे दात-हाडं तपासली. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी ती पुन्हा मोजली. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली, अंगं खंगलेली दिसतात. त्याच काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊस हटला आणि गाव उपाशी पडलं, असं आधी सांगत. एकाएकी आलेल्या दुष्काळाबद्दल नंतर शंका निघाल्या. पण कोणताही पक्ष घ्या, एखादं मडकं आद्य थरातलं की उत्तर थरातलं, हेच चुकलं तर उपाशी मूल सुकाळात जाऊन बसतं.

शेवटाची तर वेगळीच तऱ्हा. हवेतला कार्बन-१४ दर शतकात सारखा नसतो, म्हणून झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून दुरुस्ती करतात. ती दुरुस्तीची रेषा इ. स. पू. ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांतले कोळसे मोजणीत जवळपास एकाच वयाचे दिसतात. इनामगाव ओस पडलं ते नेमकं या सपाटीच्या तोंडाशी. ‘७००’ हा आकडा म्हणून मी पेन्सिलने लिहिलेला समजतो.

जोर्वे लोकांची गावं घाटमाथ्यापलीकडे आहेत, आमच्या कोकणपट्टीत नाहीत. रायगडात चौलला डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं, पण ते बंदर बरंच अलीकडचं. उद्या इथे जुनी वस्ती निघालीच तर खुब्यांच्या, कालवांच्या शिंपल्यांचा ढीग आधी लागेल, आणि तिथे तिसरीच गंमत. समुद्राच्या पाण्यातला कार्बन शिळा असतो. अणुस्फोटांआधी काढलेला ताजा शिंपला मोजला तर तो सरासरी चारशे वर्षांचा निघतो. तेव्हा रात्री कालवण केलं असतं, तर ते शिवकाळाच्याही आधीच्या खुब्यांचं, असं यंत्राने बेधडक सांगितलं असतं.

तेव्हा विहीर, पाया किंवा शेततळं खणताना कुणाला तोंडाला तोंड लावलेली मडकी लागली, तर ती उचलू नका, धुऊ नका, आत हात घालू नका. भोवतीच्या मातीचा रंग कुठे बदलतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा, जागा झाकून ठेवा आणि तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. मडकं बाहेर काढून ओट्यावर मांडलं, की त्याची तारीख खड्ड्यातच राहते.